दोरी तुझी, रोपं माझी

१८ मे, रविवार, सकाळची वेळ. रक्कम नऊ हजार रुपये, सगळ्या पाचशेच्या नोटा. हजर माणसं चार: आई, माझी बायको, मुंबईहून आलेला माझा धाकटा भाऊ आणि मी. भावाने नोटा पडवीत आईच्या पुढ्यात ठेवल्या. आईने त्यांना हात न लावता त्या माझ्याकडे सरकवल्या. मी मोजल्या आणि बायकोच्या हातात दिल्या.

"वहिनी, हे शेवटचे," भाऊ म्हणाला. "यंदा तुमच्या पद्धतीने करून बघा. नाही जमलं तर पुढच्या पावसाला शेत पडीक. मग रडायचं नाय."

"रडतंय कोण?" बायको म्हणाली आणि नोटा घेऊन आत गेली.

शेत म्हणजे वीस गुंठे भातजमीन. आमच्या वाडीच्या खाली, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला दोन खाचरं आहेत, एक वरचं, एक खालचं, दोन्ही दहा-दहा गुंठ्यांची. मंडणगड तालुक्यात सपाट जमीन हा प्रकारच कमी. डोंगराला पायऱ्या पाडून जे काही मिळतं त्याला आम्ही शेत म्हणतो. आमचे आजोबा ही दोन खाचरं कूळ म्हणून कसत होते. त्यांच्या पिढीने धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि पुढे कूळकायद्यात ही जमीन त्यांच्या नावावर झाली. आमच्या वाडीत सातबाऱ्यावर पहिलं नाव लागलं ते त्यांचं. म्हणून वीस गुंठे हा आकडा मला लहान वाटत नाही.

पण आकडे बाकीचेही होते, आणि ते मीच भावाला दाखवले होते. मी तालुक्याच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. जमा-खर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या वर्षी शेतात भात झालं पाचशे अठ्ठ्याहत्तर किलो. नांगरणी, लावणी, तण काढायची बेणणी, कापणी यांची मजुरी आणि खत धरलं तर तेवढ्या पैशांत दुकानातून तेवढा तांदूळ आला असता आणि वर थोडे पैसे उरले असते. वाडीत एकतीस घरं आहेत, त्यांतली नऊच आता भात लावतात. बाकीच्यांच्या खाचरांत माणसाच्या छातीइतकं गवत उभं असतं आणि त्यात रानडुकरं राहतात. भाऊ काही वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मी त्याच्या जागी नव्हतो एवढंच.

अट आम्ही त्याच दिवशी ठरवली, कारण अट आकड्यात नसली की पुढे भांडण होतं. घरी आम्ही तिघं, महिन्याला पंचवीस किलो तांदूळ. भावाकडे चौघं, पण त्यांच्याकडे चपात्याही होतात, म्हणून वीस किलो. दोन्ही घरांचा वर्षाचा मिळून पाचशे चाळीस किलो. कांडून आलेला तांदूळ तेवढा भरला तर शेत राहील. एक किलो कमी आला तरी राहणार नाही.

"एक किलो?" आईने विचारलं.

"एक किलो म्हणजे एक किलो, आये," भाऊ म्हणाला. "दादाला विचार. तो तर पावकिलोपण सोडायचा नाय."

आता बायकोच्या पद्धतीबद्दल. फेब्रुवारीत आमच्या विहारात बचत गटाच्या बैठकीला कृषी खात्यातली एक तरुण मुलगी आली होती. ती स्कूटरवरून आली, आणि डिकीतून तिने काढली ती एक नायलॉनची दोरी. दोरीवर लाल धाग्याने खुणा बांधलेल्या होत्या, एक अंतर जवळचं, एक लांबचं, पुन्हा जवळचं, पुन्हा लांबचं, अशा शेवटपर्यंत. लावणी या खुणांवर करायची. एका ठिकाणी मूठभर रोपं खोचायची नाहीत, चारच काड्या लावायच्या. त्या चार काड्यांचा एक चूड. अशा चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो, त्या चौकोनाच्या मध्ये चिखलात खताची एक गोळी बोटाने खोल दाबायची. गोळी सुपारीहून लहान. ती हळूहळू विरघळते आणि चारही चुडांना पुरते. वरून फेकलेलं खत आमच्याकडच्या पावसात पऱ्यातून थेट खाडीला जातं, हे बायकोला त्या मुलीने सांगायची गरज नव्हती. ते आम्ही दरवर्षी बघतोच. गोळी वाहून जात नाही, हे मात्र बायकोने ऐकलं आणि तिथेच पकडून ठेवलं.

घरी येऊन तिने जेवताना सांगितलं. आई भाताचा घास हातात धरून थांबली.

"चार काड्या?"

"चार."

"कोंबडीपुढे दाणे टाकतेस काय? माझा हात बघ." आईने मूठ पुढे केली. आई बाहत्तर वर्षांची आहे, आणि लावणीतला तिचा हात वाडीत नावाजलेला. लहानपणापासून तिने दुसऱ्यांच्या शेतांत लावणी केली, आधी पायलीभर भातावर, मग पैशांवर. आमच्या शेतात तर लग्न होऊन आल्यापासून एकही पावसाळा चुकला नाही. "ह्या मुठीने तुझ्या नवऱ्याला वाढवलाय."

"म्हणून तर एवढा आडवा वाढला," बायको म्हणाली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

जूनमध्ये तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, तयार करायला पेरणीची वेळ आली. नव्या पद्धतीत रोपं कमी लागतात, म्हणून बियाणंही कमी लागतं. बायकोने बारा किलोची पिशवी आणली होती आणि पाच किलो पेरायचं ठरवलं होतं. पण पेरणी आईच्या हातची. आईने पिशवी उघडली, दरवर्षीच्या मापाने मोजलं आणि सगळं पेरून टाकलं. बायको विहिरीवरून परत आली तेव्हा रिकामी पिशवी झटकून दोरीवर वाळत घातलेली होती.

"सगळं?"

"वाफा अर्धा ठेवून कसा चालेल? बरं दिसतं का?"

तेव्हा आम्हाला वाटलं, थोडी रोपं जास्त झाली, यापलीकडे काय होणार.

लावणीला मी दोन दिवस रजा काढली. भाड्याच्या पॉवर टिलरने चिखलणी झाली होती. मजुरीवर चार बायका घेतल्या, बायकांचा दर दिवसाला तीनशे. पुरुषाचा दर पाचशे आहे आमच्याकडे, पण लावणीला पुरुष वाकत नाहीत. मला काम मिळालं दोरीचं एक टोक धरायचं, दुसरं टोक बायकोकडे. ती म्हणायची "उचला", मी उचलायचो. ती म्हणायची "ठेवा", मी ठेवायचो. खुणेखुणेवर बायका चार काड्या खोचत मागे सरकायच्या. सगळ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद, त्यावर पावसाचा ताशा.

"पतसंस्थेतल्या माणसाला बरं काम दिलंस गो," शेजारची काकी म्हणाली. "दुसऱ्याचा दोर धरायची सवय हाय त्याला."

"सरळ धरतो का ते बघ," दुसरी म्हणाली. "व्याज लावील दोरीला."

आई बांधावर बसून बघत होती. तिने एकदाही चिखलात पाय घातला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही खाचरं लावून झाली तेव्हा काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "लावणी केलीस की रांगोळीचे ठिपके काढलेस?" खरं सांगायचं तर मलाही तसंच दिसलं. पाणी जास्त, हिरवं कमी. दरवर्षी लावून झालेलं खाचर भरल्यासारखं दिसतं. हे रिकामं वाटत होतं.

आणि बांधावर उरली रोपं. आमच्या मोजणीने अर्ध्याहून जास्त तरवा उरला होता. जुड्या बांधून मांडून ठेवला होता. आमच्याकडे रोप टाकत नाहीत. ज्याला कमी पडेल त्याला देतात. कोणालाच नको असेल तर कुठेतरी चिखलात खोचून ठेवतात, पण उन्हावाऱ्यात मरू देत नाहीत. रोप टाकणं म्हणजे शिजलेला भात टाकण्यासारखंच आहे. बायकोने वाडीतल्या भात लावणाऱ्या बाकीच्या आठही घरी विचारलं. सगळ्यांकडे आपापला तरवा पुरेसा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो आणि बायको माझ्याबरोबर तालुक्याला आली, खताच्या गोळ्यांची पिशवी आणायला. पिशवी पस्तीस किलोची, नऊशे रुपये. परत येताना एस.टी. मिळाली ती दुपारनंतरची. मी अर्धा दिवस भरून तिच्याबरोबर आलो, कारण पिशवी फाट्यापासून वाडीपर्यंत उचलायची होती. फाट्यावर उतरून आम्ही पायवाटेने खाली आलो, वळणावर शेत दिसलं, आणि बायको थांबली.

आई खालच्या खाचरात वाकलेली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काखेत रोपांची जुडी, आणि हात असा चाललेला की नुसतं बघत राहावं. तिने ठिपक्यांमधली जागा भरायला घेतली होती. पऱ्याकडचं अर्धं खाचर भरून हिरवंगार केलं होतं. त्याशिवाय दोन्ही खाचरांच्या मेरांच्या कडेने, म्हणजे बांधाला लागून, हातभर रुंदीची दाट पट्टी लावत आली होती. राहिली होती ती फक्त वरच्या खाचराची डोंगराकडची लांब मेर.

बायकोने खांद्यावरची छत्री मिटली. पाऊस चालू होता तरी मिटली.

"आई, हे काय केलंत?"

"रोपां मरत व्हती."

"मग आम्ही दोन दिवस दोरी कशाला धरली?"

आई सरळ उभी राहिली. हात धुतले, पदराला पुसले. "दोरी तुझी," ती म्हणाली, "रोपां माझी."

मी तिथे पस्तीस किलोची पिशवी खांद्यावर घेऊन उभा होतो आणि मला एकच गोष्ट सुचत होती, ती म्हणजे पिशवी खाली ठेवायला कोरडी जागा कुठे आहे. दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे मला आजही सांगता येणार नाही. एकीची पाच महिन्यांची आशा होती आणि दुसरीला डोळ्यांपुढे रोपं मरताना बघवत नव्हती.

रोपं उपटून काढता आली असती. काकीने तसं सुचवलंही. पण बायकोने नको म्हटलं. उपटताना शेजारची मुळंही तुटली असती, आणि सासूने लावलेलं रोप सासूच्या देखत उपटणं तिला जमणारं नव्हतं. तिने कुंपणातली एक बांबूची काठी आणली आणि खालच्या खाचरात मधोमध रोवली.

"वाटण्या करतेस काय माझ्या जित्तेपणी?" आईने विचारलं.

"वाटण्या नाही, आई. इकडचं तुमचं, तिकडचं माझं, हे कापणीला कळलं पाहिजे ना?"

"कळू दे की," आई म्हणाली.

संध्याकाळी दोघींनी मिळूनच गोळ्या दाबल्या. आईच्या भागात चौकोन दिसेचना, तिथे अंदाजाने दाबल्या.

पुढचे दीड महिने आईचे होते. तिचा भाग पहिल्या दिवसापासून हिरवा. बायकोच्या भागाचं पाणीच चमकायचं. वाटेने जाणारा माणूस बांधावर थांबून विचारायचा, "हे टक्कल कोणाचं?" आणि आई आनंदाने सांगायची. एका रविवारी भावाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा फोन आईच्या हातात होता. तिने आधी आपला भाग दाखवला.

"वा, हे मस्त आहे," भाऊ म्हणाला. "वहिनीचं जमलं म्हणायचं."

"ह्यां माझां," आई म्हणाली. "वहिनीचां दाखवते थांब." आणि फोन फिरवला.

भावाने फोन जवळ घेऊन बघितलं. मग भाऊ म्हणाला, "दादा, रेशनकार्ड शोधून ठेव."

बायको हसली, पण त्या रात्री ती जेवली कमी. पैज शेताची होती, आणि ती तिच्या नावावर लागली होती. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. आईचं आहे, माझं आहे, भावाचं आहे. जमीन पडीक झाली असती तर कागदावर तिचं काहीच गेलं नसतं. तरीही रोज सकाळी चुलीवर चहा ठेवायच्या आधी ती शेतात एक फेरी मारून यायची.

अशाच एका फेरीवरून ती परत आली आणि मला दाढी अर्धी टाकून घेऊन गेली. वरच्या खाचराची डोंगराकडची मेर, जी आईकडून लावायची राहिली होती, तिथली बायकोची रोपं कात्रीने कापल्यासारखी बुंध्यातून कापलेली होती. मेरेच्या लांबीभर, दोन हात रुंदीची पट्टी पूर्ण उघडी. बाकी कुठेच असं झालेलं नव्हतं. आई मागून काठी टेकत आली. बघितलं आणि म्हणाली, "मुठे."

मुठे म्हणजे शेतातले खेकडे. बांधात बिळं करून राहतात आणि रात्री बाहेर येऊन कोवळी रोपं तोडतात.

"मेरेला अर्धं त्यांचं असतं," आई म्हणाली. "म्हणून तिथे दाट लावायचां. त्यांनी खाल्लां तरी आपल्याला उरतां. तू चार काड्या लावल्यास, त्याचा एकच घास झाला."

"मग आधी सांगायचं ना!"

"मला कोणी विचारलां? मी बांधावर बसलेली होती दोन दिवस."

बायको मेरेवर बसली, उरलेल्या मेरांकडे बघत राहिली. तिथे आईची दाट पट्टी होती. तीही थोडी कुरतडलेली होती, पण आतली रोपं शाबूत होती. मग ती उठली आणि घरी येऊन त्या कृषी खात्यातल्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, थांबा, मी लिहून घेते. प्रात्यक्षिकाच्या शेतात बांध रुंद होते आणि पक्के होते, तिथे हा प्रश्न आलाच नव्हता म्हणे.

ऑगस्टच्या शेवटी बायकोच्या भागाचं रूप बदललं. हे सांगताना मला शब्द जपून वापरावे लागतात, कारण मी रोज बघत होतो आणि कोणत्या दिवशी बदललं ते मला सांगता येत नाही. चार काड्यांचा चूड पसरत गेला. मी एकदा एका चुडाचे फुटवे मोजले, बावीस निघाले. आईच्या भागातला एक मोजला, नऊ. रोपांना जागा मिळाली की ती बाजूला वाढतात, आणि दाटीत ती नुसती उंच होतात. टक्कल म्हणणारी माणसं आता बांधावर थांबून दोरी कुठे मिळते ते विचारू लागली. काकीने तर दोरी मोजून गाठी मारून घेतल्या आणि वर म्हणाली, "रांगोळी बरी भरली गो तुझी."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. सकाळी बघितलं तर आईचा उंच, दाट भाग काठीच्या रेषेपर्यंत आडवा झाला होता. काठीच्या पलीकडचं भात जरा झुकलेलं, पण उभं. आई बराच वेळ तिथे उभी राहिली. त्या दिवशी दोघींनी मिळून आडवं पडलेलं भात पेंढ्यांच्या पट्ट्यांनी चूड-चूड बांधून उभं केलं. मी कामावर गेलो होतो. हे मला संध्याकाळी आईच्या कमरेला तेल लावताना कळलं.

कापणी ऑक्टोबरात झाली. मी संस्थेतल्या शिपायाकडून हुकाचा काटा मागून आणला आणि सांगितलं, तिन्ही भाग वेगळे कापायचे, वेगळे झोडायचे, वाळवून वेगळे मोजायचे. काकी म्हणाली, "दाण्याला नाव देशील तू." पण केलं तसंच. वरच्या खाचरात भरलं चारशे बावन्न किलो. खालच्या खाचरात बायकोच्या पाच गुंठ्यांत दोनशे एक्केचाळीस, आईच्या पाच गुंठ्यांत एकशे अडुसष्ट. एकूण आठशे एकसष्ट किलो भात. गेल्या वर्षीपेक्षा दोनशे त्र्याऐंशी किलो जास्त.

आईने तिचा आकडा ऐकला. "गेल्या साली पाच गुंठ्याला किती पडलेलां?"

मी भागाकार केला. "एकशे चव्वेचाळीस. साडे."

"मग? माझांपण जास्तच हाय."

ते खरं होतं. नवं बियाणं आणि गोळ्या तिच्या भागालाही मिळाल्या होत्याच. मेरांवर तिच्या पट्टीने किती वाचलं आणि मध्ये तिच्या दाटीने किती गेलं, हाही हिशेब मी करून पाहिला. मुठे सगळ्या मेरांवर सारखेच येतात असं मला म्हणता येत नाही, म्हणून आकडा पक्का निघाला नाही. अंदाजाने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या येतात. तो कागद मी कोणाला दाखवला नाही.

पण अट भाताची नव्हती, तांदळाची होती. बियाण्याला सहा किलो बाजूला काढून आठशे पंचावन्न किलो भात कांडायला नेलं. दिवाळीची सुट्टी होती, भाऊ आला होता. टेम्पोत मागे आम्ही दोघं भाऊ पोत्यांवर बसलो, बायको आणि आई पुढे. गिरणी शेजारच्या गावात आहे. गिरणीवाल्याने सांगितलं, शंभराला चौसष्ट-पासष्ट पडतील, दाणा कसा आहे त्यावर. चौसष्ट पडले तर पाचशे सत्तेचाळीस. बासष्ट पडले तर पाचशे तीस, म्हणजे शेत गेलं. मी हे मनात करत होतो, आणि भावाच्या तोंडाकडे बघून कळत होतं की तोही तेच करतोय.

गिरणी तीन तास चालली. आमचे सगळ्यांचे केस कोंड्याने पांढरे झाले, आईचे आधीच होते. एकेक पोतं काट्यावर चढत होतं आणि भाऊ मोठ्याने आकडा वाचत होता. बायको गिरणीच्या दारात पाठ करून उभी होती. शेवटचं पोतं अर्धं होतं. मी बेरीज केली.

"पाचशे त्रेपन्न," मी म्हणालो.

"परत कर," भाऊ म्हणाला.

मी परत केली. "पाचशे त्रेपन्न."

"काटा बरोबर आहे ना?"

गिरणीवाल्याला राग आला. त्याने स्वतः वीस किलोचं वजन उचलून काट्यावर आदळलं. काट्याने वीस दाखवले. भाऊ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग हसायला लागला, आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "वहिनी, तेरा किलोने वाचलात."

बायको वळली. "मी नाही, शेत वाचलं," ती म्हणाली. "आणि भावोजी, पुढच्या जुलैत दोन दिवस रजा टाका. तुमच्या दादांचा हात दुखतो दोरी धरून."

"टाकतो," तो म्हणाला. मुंबईला त्याच्या कंपनीत जुलैची रजा मिळवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तरी तो टाकतो म्हणाला, आणि तिथेच फोन काढून तारखा विचारू लागला.

मला अभिमान वाटला तो त्या क्षणी. वाटला तसा लिहितो, वाढवून नाही. माझ्या बायकोने वीस गुंठ्यांत एक दोरी ताणली आणि दोन घरांचा वर्षाचा भात उभा केला. आजोबांनी मिळवलेली जमीन गवताखाली गेली नाही, ती हिच्यामुळे. आणि तिच्या दोरीत जे नव्हतं ते माझ्या आईच्या हातात होतं. आता पुढचा पावसाळा तोंडावर आला आहे, आणि यंदा दोघींनी ठरवलं आहे: तरवा पाच किलोचाच, पण मेरांपुरती जास्तीची रोपं राखून ठेवायची. मेरा सगळ्या दाट, मधलं सगळं दोरीवर. वाडीतली पंधरा घरं यंदा भात लावणार आहेत, पैकी अकरा जणांनी दोरी मागितली आहे. त्यांना बायको दोरीबरोबर मेरेची गोष्टही सांगते, आणि ती सांगताना "आमच्या आईंनी शोधलं" असंच म्हणते.

राहिला नऊ हजारांचा हिशेब. तो गिरणीवरून आलो त्याच संध्याकाळी पडवीत झाला, हजर तीच चार माणसं. बियाणं सहाशे, गोळ्या नऊशे, दोरी दोनशे चाळीस, पॉवर टिलर अडीच हजार, लावणीच्या चार बायकांची दोन दिवसांची मजुरी चोवीसशे, गिरणी टेम्पोसकट सतराशे दहा. एकूण आठ हजार तीनशे पन्नास. बेणणी आणि कापणी घरच्यांनी आणि कामाच्या बदल्यात काम करून झाली होती. शिल्लक साडेसहाशे. बायकोने ते भावापुढे ठेवले.

"ठेवा तुमच्याकडे, वहिनी," भाऊ म्हणाला.

"थांब," आई म्हणाली. "माझी मजुरी राहिली."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"मेरा लावल्या त्या दिवसाची. दुसऱ्या बायकांना दिलीस ना? मी काय फुकट?"

भाऊ हसत सुटला. बायको हसली नाही. तिने आईकडे नीट बघितलं. आईने आयुष्यभर लोकांच्या शेतांत मजुरी घेतली आणि आपल्या शेतात एकदाही घेतली नव्हती, हे त्या क्षणी आमच्यापैकी फक्त बायकोच्या लक्षात आलं असावं.

"बरोबर आहे, आई. बायकांचा दर तीनशे."

"तीनशे? मुठ्यांशी भांडणां बायकांचां काम काय?" आई म्हणाली. "पुरुषाचा दर काय हाय?"

"पाचशे," मी म्हणालो.

बायकोने साडेसहाशेतून पाचशेची नोट काढली आणि दोन्ही हातांनी आईला दिली. आईने ती उजेडाकडे धरून तपासली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. दीडशे बायकोकडे राहिले, यंदाच्या दोरीसाठी. शेवटी दिले ते पाचशे रुपये, आईला, तिच्या स्वतःच्या शेतातल्या एका दिवसाच्या कामाचे.